अकराव्या प्रकरणातले आजोबा

माझी प्रत्येक कादंबरी छापायला जाण्याआधी माझ्या आईला ऐकवली जाते. ती चौऱ्याऐंशीची आहे, काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे, आणि लेखकमंडळींविषयी तिला काडीचाही आदर नाही. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या हिंगणघाटच्या घराच्या मागच्या ओसरीत ती सुपात तुरीच्या शेंगा नाहीतर अंबाडीची भाजी घेऊन बसते, बोटांनी चाचपत निवडते, आणि मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाचतो. प्रकरण रटाळ असलं तर ती सरळ झोपते. बरं असलं तर म्हणते, "ठीक हाये, आता चहा मांड." यापलीकडे दाद नाही. तिच्या झोपेपायी मी आजवर तीन प्रकरणं फाडली आहेत आणि एकदाही पस्तावलो नाही.

मी लिहितो ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि लिहितो ते जुन्या काळातलं. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या गोष्टी. पहिली कादंबरी महारोग झाला म्हणून घरातून काढलेल्या मुलीची होती, दुसरी जन्मापासूनच चोर ठरवलेल्या जमातीतल्या भावंडांची. बायको मला 'वेशीबाहेरचा ठेकेदार' म्हणते. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे फार आणि माणसं कमी, ही माझी जुनी कटकट. निवृत्त झाल्यावर ती कागदावर उतरवायला लागलो, इतकंच.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, आणि ती मला आईने सांगितली होती. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

वर्गातल्या माझ्या जिवलग मित्राच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. मित्र राहायचा वणा नदीकडच्या वस्तीत, आणि त्या वस्तीतल्या माणसांना आमच्याकडची जुनी मंडळी घरात घेत नसत. जातींची नावं मी कादंबरीत घेतली आहेत. इथे माणसांचीच नावं घेत नाही, तर त्यांची कशाला घेऊ? माझ्या वडिलांच्या आईने मला पढवून ठेवलं होतं, जा, पण पंगतीत बसवलं की पोट दुखतं म्हण. मी नवा सदरा घालून दारात उभा होतो आणि पोट दुखल्याचं तोंड करण्याचा सराव करत होतो. आईने ते पाहिलं. ती माझ्यापुढे उकिडवी बसली, माझी वरची गुंडी लावली आणि हळूच म्हणाली, "तुह्या आजानं, माह्या बापानं, त्या वस्तीतल्या मानसाच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाले लावलता. साऱ्या गिरणीसमोर. अन् तू भात खायले भेतं?"

मी गेलो. पंगतीत बसलो, वांग्या-आलूची भाजी आणि बुंदी खाल्ली, आणि मित्राच्या आईने वरून आणखी वाढलेला भात संपेना म्हणून रडकुंडीला आलो. तो मित्र आजही माझा मित्र आहे. नागपूरला असतो आणि फोनवर गुडघ्यांच्या तक्रारी सांगतो.

धोट्याचं प्रकरण आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. आमचं गाव कापसाचं, आणि आजोबा इथल्या एका गिरणीत मागावर होते. मागावर आडवं सूत नेणारा लाकडी धोटा असतो. त्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा, धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावायचा आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणजे सगळ्या विणकरांचं उष्टं एक. म्हणून अस्पृश्य मानलेला माणूस विणकामाच्या खात्यात चालत नसे. त्याची जागा कताईच्या खात्यात, रिंगवर. आणि मला चीड येते ती याची, की त्याच वस्तीतल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होते, आजूबाजूच्या खेड्यांनी त्यांचं जाडंभरडं कापड अंगावर घातलं होतं. ज्यांच्या हातात विणकाम मुरलेलं, त्यांनाच विणकामाच्या दारात अडवलेलं.

आणि माझ्या आजोबांनी ते दार उघडलं होतं. दरवर्षी सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगायचो, आणि सांगताना दरवर्षी माझा आवाज भरून यायचा. मुलं गप्प व्हायची. घंटा झाली तरी उठायची नाहीत.

तिसरी कादंबरी अर्थातच गिरणीची झाली. रिंगवर काम करणाऱ्या माणसाची मुलगी तिची नायिका. अकराव्या प्रकरणात तिच्या बापाला मागावर उभं करतात, बाकीचे विणकर काम थांबवतात, आरडाओरडा होतो, आणि गर्दीतून एक वयस्क विणकर पुढे येऊन त्याच्या हातातला धोटा घेतो आणि सगळ्यांदेखत तोंडाला लावतो. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होतो. आईला ऐकवण्याआधीच ते प्रकरण संपादक बाईंना पाठवलं, हा माझा उतावीळपणा. त्यांचा पुण्याहून फोन आला, "सर, मी रडले." संपादकाला रडवण्याची ही माझी पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते आईपुढे वाचलं. ती झोपली नाही. चहाही मागितला नाही. सुपातली बोटं थांबली आणि तशीच राहिली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "हे छापनार हायेस?"

"मंग काय? तुह्या बापाचं हाये, माय. आवडलं नाई?"

ती भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन पडली. दोन दिवस तिने पुढचं काही ऐकलं नाही. मी समजलो, बापाच्या आठवणीने जीव भरून आला असेल. लेखकाला स्वतःच्या लेखनाविषयी असे गोड गैरसमज फार लवकर होतात.

तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. "बस. वाचू नको. आयक."

मी बसलो.

"माह्या बापानं धोटा तोंडाले नाई लावला."

वयामुळे तिचा गोंधळ होतोय असं मला वाटलं. "माय, तूच तं सांगितलं होतं मले."

"सांगितलं. रचून सांगितलं. तू दारात पोट धरून उभा होता. मले दुसरं काई सुचलं नाई."

मग तिने जे घडलं ते सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या वडिलांनासुद्धा नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. दुपारी बापाचा डबा घेऊन गिरणीत जायची. फाटकावरचा माणूस ओळखीचा, तो तिला खात्याच्या दारापर्यंत सोडायचा. लग्नसराईमुळे विणकर रजेवर होते, माग बंद पडले होते, म्हणून मुकादमाने रिंगवरचा एक माणूस आणून आजोबांच्या शेजारच्या मागावर उभा केला होता. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा व्हायचा होता. आई दारात उभी राहून बघत होती. त्या माणसाने कांडी घातली, धोट्याला तोंड लावलं आणि एका दमात सूत बाहेर काढलं.

"इतक्या सफाईनं, का मी पाहातच राह्यलो," आई म्हणाली. "माह्या बापालेही तसं नाई जमे."

मग आजूबाजूचे माग एकेक करून बंद झाले. माणसं ओरडायला लागली. मुकादमाने आजोबांकडे पाहिलं. ते सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द खात्यात चालायचा. ते हो म्हणाले असते तर बाकीचे कुरकुरत का होईना, कामाला लागले असते.

"माहा बाप रागावला नाई. तो कदी रागावेच नाई कोनावर. गोड बोलला त्या मानसाशी. म्हने, हात चांगला हाये तुहा, बापा, पन हे आपल्याले जमन नाई. अन् फडक्यात धरून तो धोटा उचलला, रद्दी सुताच्या टोपल्यात टाकला. मंग भोंगा झाला. मंग तो दारात आला, माह्यापाशी बसला, डबा उघडला. जेवला. म्हने, भाजी मस्त झाली, मायले सांगजो."

"अन् तो मानूस?"

"तो आमच्या बाजूनंच गेला वापस. खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसत होता. पुसलं, तरी पुसत होता. त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी डब्यात पाह्यलं."

त्यावर मी काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. बाप असा निघाला म्हणून या बाईचं काय झालं असेल, असं काहीही माझ्या मनात आलं नाही. मी म्हणालो, "मंग मले काऊन सांगितलं तसं? मी तीस वर्षं शायेत सांगत होतो ते! पोरायले खरं म्हनून सांगत होतो!"

"मले काय मालूम, तू त्याची पुस्तकं करशीन म्हनून," ती म्हणाली.

मी चपला घालून तडक बाहेर पडलो. नदीच्या पुलापर्यंत गेलो आणि तिथून नागपूरच्या मित्राला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहा काका होता ना रिंगवर. त्यानं असं कोनाबद्दल कदीच सांगितलं नव्हतं. मले तवाच वाटलं होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू इतकं मन लावून सांगे, यार. अन् तू आमच्या घरी जेवला होता ना? मंग झालं."

म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यासमोर बसून ती गोष्ट ऐकत होता, मान डोलावत होता, आणि मला सांभाळून घेत होता. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मला रडू आलं ते आजोबांमुळे नाही, मित्रामुळे.

घरी येताना मात्र मी मनात बाजू मांडत आलो. मास्तरकी अंगातून जात नाही. दुसऱ्या दिवशी आईपुढे ती मांडली. "हे पाय, माय. ती गोष्ट आयकून मी जेवलो. खोटी होती, पन कामाची होती. मले तिनं मानूस केलं. मंग तीच पोरायले देली तं काय बिघडते?"

तिने उत्तर तयारच ठेवलं होतं. "तू सा वर्षाचा होता. तुले पंगतीत बसवाचं होतं, म्हनून हात धरला. हे पोरं तेरा-तेरा वर्षाचे हायेत. यायले वाटन, तवा कोनी ना कोनी चांगला मानूस पुढे येतच होता. कोनी नाई आलता, बापू. मी तिथंच उभी होतो."

"तुह्या बापाची बदनामी होईन."

"नाव तं नाईच टाकत तू." मग ती बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "अन् जो तोंड पुसत गेला, त्याचंही कोनी असन ना रे. नातू असन, पणती असन. ते वाचन तुहं पुस्तक अन् म्हनन, चाला, आपल्या आजाच्या बाजूनं एक तरी उभा राह्यला. त्याले मी आनखी एकदा काऊन फसवू?"

तिचे डोळे कामातून गेले आहेत, पण त्यांना पाणी येतं. ती सांगत राहिली, बाप तिला किती आवडायचा ते. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाताना तिचे पाय दुखले म्हणून त्याने तिला पूर्ण चढ खांद्यावर नेलं होतं. तिला कधी बोटही लावलं नाही. मुलगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या बहिणीशी तो दोन वर्षं बोलला नव्हता. मी ऐकत होतो आणि मला तिची दया येत होती, आणि तिचा अभिमानही वाटत होता. इतक्या चांगल्या बापाची लाज बाळगत ही बाई पंचाहत्तर वर्षं जगली होती, आणि आता मरण्याआधी ती लाज तिला मुलांच्या पुस्तकात नीट लिहून हवी होती.

मी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला मी म्हाताऱ्या विणकराला मिशाळ, दरडावणारा केला. आई झोपली. चक्क घोरायला लागली. जागी झाल्यावर म्हणाली, "असा कोन होता? हा तं नाटकातला हाये." वाईट माणूस वाईट दाखवणं सोपं असतं हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, आणि मी तेच करून बसलो होतो. दुसऱ्या खेपेला तो गोड बोलणारा, कोणावर न रागावणारा, लेकीने आणलेल्या डब्यातली भाजी आवडीने खाणारा माणूस झाला. दारात डबा घेतलेली त्याची मुलगी मी घातली. नायिका तिच्याकडे बघते आणि ती डब्यात बघते. हे लिहायला मला पाच आठवडे लागले. ऐकून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "भाजी कायची होती ते लिही. चवळीच्या शेंगाची होती."

संपादक बाईंना ते पटलं नाही. "सर, मुलांना शेवटी आशा द्यायला हवी ना? पहिलं प्रकरण किती सुंदर होतं." मी म्हणालो, सोमवारच्या बाजारातून आणून देतो आशा, पावशेर पाठवू का? फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. परत फोन करून माफी मागितली. त्यांनी पुस्तक छापलं, नीट छापलं, आणि पहिलंच प्रकरण चांगलं होतं असं त्या अजूनही म्हणतात. म्हणोत.

पुस्तक आल्यावर मी ज्या शाळेतून निवृत्त झालो तिथल्या सातवीच्या वर्गात वाचन ठेवलं. आई म्हणाली, मी येतो. माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला ती आजवर आली नव्हती. ऑटो केला, तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या आणि मागच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसवलं. डबा आणणारी मुलगी हीच, हे मी मुलांना सांगितलं नाही. माझी आई, एवढंच सांगितलं.

अकरावं प्रकरण वाचण्याआधी मी मुलांना म्हणालो की याच वर्गात मी पूर्वी एक गोष्ट खरी म्हणून सांगायचो, ती खरी नव्हती, खरं आहे ते आता वाचतो. मग वाचलं. यावेळी आवाज भरून आला नाही. उलट कोरडा पडला, दोनदा पाणी प्यावं लागलं. वाचून झालं. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हातावर पेनाने काढलेलं घड्याळ.

"सर, ते डबा आननारी पोरगी. तिनं तं सारं पाह्यलं होतं. मंग ती आपल्या बाबाले काऊन काई बोलली नाई?"

मी उत्तर जुळवायला लागलो. त्या काळातल्या मुली, त्या काळातले धाक, असं काहीतरी इतिहासाच्या मास्तराचं. मी तोंड उघडण्याआधी मागून आईचा आवाज आला.

"भेव वाटे, बाई."

सगळ्या माना मागे वळल्या. आई समोर बघत होती, म्हणजे मुलीचा आवाज आला होता त्या दिशेने. "बापाचं भेव नाई. तो मारे नाई, बोले नाई. बोललो असतो तं तो मले वाईट दिसला असता, त्याचं भेव. ती पोरगी मीच होये."

बाकांमधून कुजबुज सुरू झाली आणि आपोआप थांबली. ती मुलगी बसली नाही. बाकाच्या कडेला नखाने टोकरत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, "आजी, माहे बाबा लय चांगले हायेत." आणि मग, जरा वेळाने, "पन माही मैत्रीण घरी आली का ते तिले ओट्यावरूनच वापस पाठवतेत."

आईने तिच्या दिशेने हात पुढे केला. मुलगी बाकांमधून वाट काढत तिच्याजवळ गेली, आणि आईने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"चांगलेच असतीन, बाई," ती म्हणाली. "माहाही बाप चांगलाच होता. तू बोलून पाय त्यायच्याशी. मी नाई बोललो."